रस्त्याचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते उभे आहेत. मुंबईतल्या मरोळच्या माणसाला चढ म्हणजे फार तर उड्डाणपूल. इथे चौकात उभं राहून वर पाहिलं, तर रस्ता जिथे संपतो तिथून थेट आकाश सुरू होतं. त्या चढावरून केबल कार घंटा वाजवत उतरते. दुपारी अचानक समुद्रावरून धुकं येतं आणि ऊन गिळून टाकतं. हे सगळं ऐकून माहीत होतं. माहीत असूनही जिच्यासाठी मनाची तयारी झाली नव्हती, ती गोष्ट पहिल्याच सकाळी अर्व्हिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर समोर येऊन थांबली: एक पांढरी मोटार. टपावर काळा घुमट, त्यात काहीतरी सतत फिरतंय. मागच्या सीटवर एक बाई हातात कॉफीचा पेला धरून खिडकीबाहेर बघत बसलेली. आणि स्टिअरिंगमागची जागा रिकामी.

गाडी थांबली, एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या ढकलगाडीसह सावकाश रस्ता ओलांडू दिला, मग स्टिअरिंग आपोआप फिरलं आणि ती वळून निघून गेली. रस्त्यावरच्या एकाही माणसाने मान वळवून पाहिलं नाही. आम्ही दोघंच तिथे खिळून उभे होतो, मी आणि माझे वडील, अप्पा.

अप्पांच्या नजरेविषयी आधी सांगायला हवं, कारण या प्रवासात मी जे पाहिलं त्यातलं अर्धंअधिक त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. अप्पा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. निवृत्त झाले ते मरोळ डेपोतूनच. अंधेरी-कुर्ला रस्ता त्यांनी सगळ्या रूपांत पाहिला: मेट्रोचे पत्रे लागण्याआधी, पत्रे लागलेले असताना आणि पत्रे निघाल्यावरही. दिवाळीसाठी धाकट्या बहिणीने २०२५ साली आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या इनर सनसेट भागात राहते. दारावरून एन-ज्यूडा नावाची ट्राम जाते आणि दिवसभर या बिनचालकाच्या गाड्याही जातात. तिच्या मुलाला त्यांचं काडीचंही नवल नाही. तो आजोबांना समजावत होता, "आजोबा, ती वेमो आहे." जणू एखाद्या शेजाऱ्याची ओळख करून द्यावी तसं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर अप्पांचं पहिलं वाक्य रिकाम्या सीटविषयी नव्हतंच. ते म्हणाले, "पट्टीच्या मागे थांबली बघ. पट्टीवर नाही, मागे."

पुढचे काही दिवस अप्पा सकाळी चहा घेऊन त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. त्या शहरात पुष्कळ चौकांत सिग्नलच नाहीत. चारही बाजूंना लाल अष्टकोनी पाटी असते. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं. माणसं चालवत असलेल्या गाड्या तिथे बहुतेकदा वेग कमी करतात, चाक पुरतं थांबू न देता निसटतात. बिनचालकाची गाडी पूर्ण थांबते. रस्ता मोकळा असला तरी थांबते, मागच्याने हॉर्न मारला तरी थांबते. अप्पा ते पाहत राहायचे. ते म्हणाले, "शिकाऊ पोरांना आम्ही हेच सांगायचो. लायसन हातात येईपर्यंत ऐकतात."

मग एका संध्याकाळी बहिणीने फोनवर गाडी बोलावली. घुमटावर तिच्या नावाची आद्याक्षरं उमटली. दाराच्या आत दबलेली मूठ बाहेर आली.

"अप्पा, तुम्ही पुढे बसा. डावीकडे नाही, उजवीकडे. डावीकडच्या सीटवर कोणालाच बसू देत नाहीत."

अप्पा बसले. पट्टे लावा, असं गाडीने सांगितलं. सगळ्यांनी लावल्यावर समोरच्या पडद्यावरचं बटण दाबलं आणि गाडी हलली. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, शेजारी रिकामं स्टिअरिंग आणि ते स्वतःच्या मर्जीने फिरतंय. मी मागे बसून अप्पांच्या उजव्या पायाकडे बघत होते. चौक जवळ आला की तो पाय गाडीच्या तळावर, जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे, आपसूक दाबला जायचा. पहिल्या चौकाला दाबला, दुसऱ्याला दाबला. गाडी मात्र त्या आधीच वेग कमी करायला लागलेली असायची.

गोल्डन गेट पार्कच्या कडेने पूर्वेला हेट स्ट्रीटकडे जाताना जे घडलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. उजव्या हाताला एक मोठी डिलिव्हरी व्हॅन दुहेरी पार्किंग करून उभी होती. पुढच्या सीटांच्या मधल्या पडद्यावर आजूबाजूचा सगळा रस्ता रेखाचित्रासारखा दिसत असतो: मोटारी, सायकली, माणसांच्या आकृत्या. व्हॅनच्या पलीकडे एक छोटी आकृती दिसायला लागली. काचेतून तिथे कोणीही दिसत नव्हतं, नुसती व्हॅनची पांढरी भिंत. गाडीने वेग उतरवला, डावीकडे किंचित सरकली आणि जवळजवळ थांबली. दुसऱ्याच क्षणी व्हॅनच्या पुढून स्कूटर ढकलत एक शाळकरी मुलगा रस्त्यात आला. त्याचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. तो गेला. गाडी पुढे निघाली.

गाडीत काही वेळ कोणी बोललं नाही. मग अप्पा म्हणाले, "मला तो पोरगा दिसला नसता."

ज्या माणसाने हे म्हटलं त्याची सगळी नोकरी रस्त्यावर बस चालवण्यात गेली आहे, म्हणून या वाक्याचं वजन मला फार वाटतं.

गाडीला तो मुलगा कसा दिसला, हे मग भाच्याने आणि बहिणीने मिळून समजावलं. आम्ही बसलो होतो त्या जॅग्वार गाडीवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार असतात. लायडार म्हणजे लेझरचे सूक्ष्म ठोके चारी दिशांना सोडायचे आणि ते कशावर तरी आपटून परतायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजायचं. हे सेकंदाला लाखो वेळा चालतं आणि अंधारातही तेवढंच नीट चालतं. मुख्य यंत्र टपावर बसवलेलं असल्यामुळे माणसाच्या डोळ्याला जे आडोशाआड राहतं, त्यातलं काही त्याला वरून दिसतं. शहराचा बारीकसारीक नकाशा आधीच पोटात असतो. समोरची प्रत्येक वस्तू पुढच्या काही क्षणांत कुठे जाईल याचा अंदाज गाडी सतत बांधत असते. अडलं तर दूरच्या केंद्रातल्या माणसाला प्रश्न विचारते. तो माणूस सल्ला देतो, गाडी चालवत नाही.

अंदाज बांधण्याचं ऐकून अप्पा खुलले. तेही हेच करत आले होते. रिक्षावाल्याची मान कुठे झुकली, टेम्पोचं पुढचं चाक किती वळलं, बसथांब्यावरच्या गर्दीतली कोणती बाई अचानक धावणार, हे त्यांना कळायचं. मरोळ नाक्यावर हे कळल्याशिवाय बस चालवताच येत नाही. पण त्यांनी एक फरकही लगेच सांगितला. सकाळच्या पहिल्या फेरीला त्यांना जे दिसायचं ते रात्रीच्या शेवटच्या फेरीला दिसायचं नाही. साकीनाक्याच्या कोंडीत पाऊण तास अडकल्यावर, पाठ मोडून आल्यावर, घरी कोणी आजारी असताना, एखाद्या दुचाकीवाल्याने कट मारून वर शिवी दिल्यावर डोळे तेच असतात, पण त्यांच्यामागचा माणूस तोच राहत नाही. या गाडीला शेवटची फेरी नाही. तिला राग येत नाही, झोप येत नाही, फोन येत नाही. ती दारू पीत नाही. माणसापेक्षा ती हुशार आहे असं मला त्या प्रवासात कधी वाटलं नाही. पण सकाळच्या अप्पांइतकीच ती रात्रीही सावध होती.

आश्चर्याने भारून जाऊन एखादी गोष्ट खरी मानायची नाही, ही सवय घरातूनच लागलेली. म्हणून आकडे वाचले. गूगलने हा प्रकल्प २००९ साली हाती घेतला, २०१६ च्या अखेरीस त्याला वेमो हे नाव मिळालं आणि सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ पासून ही सेवा सगळ्यांसाठी खुली झाली. जानेवारी २०२५ पर्यंत या गाड्या चालकाशिवाय ५ कोटी ६७ लाख मैल, म्हणजे सुमारे ९ कोटी किलोमीटर धावल्या होत्या. तेवढ्याच अंतरात त्याच शहरांतल्या माणसांच्या हातून किती अपघात झाले असते, याच्याशी तुलना करणारा अभ्यास २०२५ मध्ये 'ट्रॅफिक इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात आला. गंभीर इजा किंवा त्याहून वाईट असे अपघात ८५ टक्क्यांनी कमी. पादचाऱ्यांना इजा होणारे ९२ टक्क्यांनी कमी, सायकलस्वारांना आणि मोटारसायकलस्वारांना इजा होणारे ८२ टक्क्यांनी कमी. चौकात दोन वाहनांची धडक होऊन कोणी जखमी होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी. हा अभ्यास कंपनीच्याच लोकांनी केलेला, पण बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून छापलेला. स्विस री या विमा कंपनीने ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्या बाजूने पाहिलं: २ कोटी ५३ लाख मैलांत शारीरिक इजेचे दावे माणसांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी.

याची दुसरी बाजूही तेवढ्याच नेटाने सांगायला हवी. जखमांविषयी आज बोलता येतं, मृत्यूंविषयी अजून ठामपणे बोलता येत नाही. अमेरिकेत माणसांच्या हातून साधारण आठ कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो. म्हणजे ५ कोटी ६७ लाख मैलांत माणसांकडूनही एखादाच झाला असता, कदाचित नसताही. रँड या संशोधन संस्थेतल्या निधी कालरा आणि सुसान पॅडॉक यांनी २०१६ सालीच हिशेब मांडून ठेवला होता. एकही मृत्यू न होता २७ कोटी ५० लाख मैल धावल्याशिवाय, ही गाडी माणसाइतकी तरी सुरक्षित आहे असं संख्याशास्त्राच्या खात्रीने म्हणता येणार नाही. शिवाय हे मैल आखीव रस्त्यांचे, सौम्य हवेचे, आधी नकाशा काढून ठेवलेल्या शहरांचे आहेत.

आणि रक्तही सांडलेलं आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी इथे उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उडवलं. ती मरण पावली. गाडीत देखरेखीला माणूस होता, पण त्याची नजर फोनवर होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या एका मृत्यूचा तपास वर्षाहून अधिक काळ केला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला ती दिसली होती, पण ती नेमकं काय आहे, वाहन, सायकल की आणखी काही, यावर त्याचं मत सारखं बदलत होतं. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्यात भरलेली नव्हती. गाडीचा मूळचा आपत्कालीन ब्रेकही बंद ठेवला होता. हे सगळं जाहीर झालं. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोतच, माणसाने चालवलेल्या एका मोटारीने उडवलेली बाई क्रूझ कंपनीच्या बिनचालक गाडीपुढे येऊन पडली. गाडी थांबली आणि मग कडेला जाण्यासाठी पुन्हा हलली, तेव्हा तिने त्या बाईला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. फरफटल्याची माहिती अधिकाऱ्यांना नीट दिली गेली नव्हती. सुमारे तीन आठवड्यांनी कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने परवाना थांबवला. कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं, खोटा अहवाल दिल्याबद्दल कंपनीने दंड भरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने हा धंदाच गुंडाळला.

आम्ही तिथे असतानाच, ऑक्टोबरच्या अखेरीस, मिशन भागातल्या सोळाव्या रस्त्यावर एका दुकानाचं सगळ्यांच्या ओळखीचं मांजर वेमोच्या गाडीखाली येऊन मेलं. बहीण आम्हाला तिकडे घेऊन गेली. दुकानापुढे फुलं, मेणबत्त्या, मुलांनी काढलेली चित्रं. नगर पर्यवेक्षक मंडळातल्या एका सदस्येने, या गाड्या हव्यात की नकोत हे स्थानिकांनाच मतदानाने ठरवू द्या, अशी मागणी केली. अप्पा बराच वेळ त्या चित्रांपुढे उभे राहिले.

मला या प्रवासातलं खरं नवल तिथे उमगलं. रिकाम्या सीटची सवय दोन-तीन दिवसांत होते. नवल आहे ते हिशेबाचं: जून २०२१ पासून तिथे केंद्र सरकारचा आदेश आहे की अशा गाड्यांचे अपघात कळवावेच लागतील. वेमोच्या रिकाम्या, थांबलेल्या गाडीला मागून दुसऱ्याने ठोकलं तरी त्याची नोंद होते. कोणीही नागरिक ते वाचू शकतो. नुसतं वाचून भागत नाही, चूक सापडली की सुधारणा एका गाडीत होत नाही, सगळ्या गाड्यांत होते. एका गाडीने केलेली चूक पुढच्या हजार गाड्यांना टाळायला शिकवता येते. मोटारीखाली कोणी आलं तर का आलं, हा प्रश्न तिथे उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत. निदान या गाड्यांच्या बाबतीत तरी नाही.

आणि मला आमची ३३२ नंबरची बस आठवली.

३३२ कुर्ला स्थानकाहून निघते आणि साकीनाका, मरोळ नाका करत अंधेरीला जाते. मरोळच्या किती पिढ्या या बसने कामाला, कॉलेजला, बाजाराला गेल्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री या मार्गावरची विजेवरची बस कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर सुटली ती माणसं, रिक्षा, मोटारी चिरडत गेली. नऊ जणांचा जीव गेला, चाळीसहून अधिक जखमी झाले. चालकाला या मोठ्या, गिअर नसलेल्या बसचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं नव्हतं, हे नंतर पुढे आलं. बस भाडेकराराची, चालक कंत्राटदाराचा, रस्ता स्थानकाबाहेरच्या गर्दीचा. त्या रात्री अप्पांनी टीव्ही बंद केला आणि ते बाल्कनीत जाऊन बसले. एकच बोलले होते: "त्याला त्या सीटवर बसवला कोणी?"

त्या प्रश्नाचं उत्तर नऊ घरांना, आणि त्याच बसची वाट पाहत रोज थांब्यावर उभ्या राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना, सविस्तर, छापील, सगळ्यांना वाचता येईल अशा रूपात मिळायला हवं. चालकाला अटक झाली की आपल्याकडे अपघात संपतो. त्याच्या आधीचे सगळे दुवे, प्रशिक्षण, कामाचे तास, बसची रचना, फुटपाथ, दिवे, हे आपण मोकळे सोडून देतो.

भारतात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. पुढच्या वर्षी आकडा १ लाख ७२ हजारांवर गेला. एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पंधरा हजार. मेलेल्यांत साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे आणि जवळजवळ वीस टक्के पायी चालणारे. सुमारे सत्तर टक्के मृत्यूंचं कारण म्हणून नोंदलं जातं अतिवेग. सोळाव्या रस्त्यावरच्या मांजरासाठी फुलं वाहणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटला, आणि त्याच आदरापोटी वाटलं की आपल्या माणसांसाठी आपण एवढं तरी करायला हवं.

मग ही गाडीच मरोळला आणावी का? बहिणीच्या मित्रमंडळींत हा प्रश्न निघालाच. नितीन गडकरींनी २०१७ साली आणि पुन्हा २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात स्पष्ट सांगितलं आहे की बिनचालकाच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण लाखो ड्रायव्हरांच्या पोटावर पाय येईल. माझं घर ड्रायव्हरच्या पगारावर उभं राहिलं आहे. त्या पगारातून आम्ही दोघी बहिणी शिकलो. तेव्हा हा मुद्दा मी हलका मानूच शकत नाही. मरोळ पाइपलाइनच्या, भवानीनगरच्या, साकीनाक्याच्या वस्त्यांत रिक्षा आणि टॅक्सीवर किती चुली पेटतात ते मी रोज बघते.

रस्त्याच्या बाजूनेही उत्तर सोपं नाही. मरोळ-मरोशी रस्त्यावर पट्टे पुसलेले असतात, फुटपाथ मध्येच संपतो, मासळीच्या टोपल्या घेऊन बाया रस्त्याच्या कडेने चालतात, उलट्या दिशेने दुचाकी येते. जुलैत मिठी नदी फुगली की रस्त्यावरचा खड्डा आणि रस्ता एकाच रंगाचे होतात. आम्ही परत आल्यावर, २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोत वीज उपकेंद्राला आग लागून लाखाहून अधिक ग्राहकांची वीज गेली. सिग्नल विझले आणि या गाड्या चौकाचौकांत गोठून उभ्या राहिल्या. सेवा काही काळ बंदच करावी लागली. बहिणीने फोनवर हे सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले, "सिग्नल बंद पडला की आपल्याकडे कोणीतरी पोरगा मधे उतरतो, हात दाखवतो, आणि गाड्या सुटतात." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. माणूस न पाहिलेल्या प्रसंगातून वाट काढतो. त्या बाबतीत अजून त्याला तोड नाही.

कायद्याचीही तयारी लागते. २०२५ च्याच सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रूनो गावात पोलिसांनी बेकायदा वळण घेणारी वेमो थांबवली आणि दंडाची पावती फाडायची कोणाच्या नावावर हे त्यांना कळेना, कारण आत माणूसच नव्हता. तिथे त्यासाठी नवा कायदा आधीच केला होता, पण तो तेव्हा लागू झालेला नव्हता. आपल्याकडे माणूस असूनही पावती योग्य नावावर फाडली जात नाही, तिथे यंत्राची जबाबदारी कोण घेणार, हे आधी ठरायला हवं.

तरी यंत्र आपल्याला परकं नाही. मरोळ नाक्यावरच वर घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून धावते आणि खाली भुयारात आरे ते कफ परेडची ॲक्वा लाइन, जी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्या भुयारातल्या गाड्या चालकाशिवाय धावू शकतील अशाच बनवलेल्या आहेत, सध्या त्यांत चालक असतो. दिल्लीत मॅजेंटा लाइनवर डिसेंबर २०२० पासून बिनचालक गाड्या सुरूही झाल्या. फलाटावर काचेची दारं, रुळांवर कोणी येण्याची शक्यताच नाही, प्रत्येक बिघाडाची नोंद. दहा-वीस रुपयांचं तिकीट काढून खाली गेलेला मरोळकर तिथे जितका सुरक्षित असतो, तितकाच तो जिना चढून अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आल्यावरही असायला हवा. त्याचा जीव जिना चढताना स्वस्त होत नाही.

हे आपल्याला जमणार नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला मी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दाखवीन. २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशनने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांना बरोबर घेऊन तिथे अपघातांची जागच्या जागी तपासणी सुरू केली. नेमकं कुठे, कशावर आपटून, कोणत्या वेळी, कशामुळे. मग उघडे कठडे झाकले, धोकादायक ठिकाणं दुरुस्त केली, थांबलेल्या ट्रकांवर लक्ष ठेवलं, जखमींपर्यंत लवकर पोचायची सोय केली. काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून खाली आले. स्टिअरिंगमागे तेव्हाही माणसंच होती, आपलीच. कॅलिफोर्नियात जे पाहून मी थक्क झाले, त्याचा गाभा आपल्या घाटात आधीच उतरला होता.

म्हणून माझी मागणी गाडीची नाही, हिशेबाची आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात पोलीस अपघाताची नोंद आयआयटी मद्रास आणि एनआयसीने उभ्या केलेल्या प्रणालीत करतात. ती नोंद चौकवार सगळ्यांसाठी उघडी करा. आमच्या महापालिका विभागातल्या, के पूर्वमधल्या, रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूनंतर महिन्याभरात चार पानांचा अहवाल येऊ द्या: दिवे होते का, फुटपाथ होता का, वेग किती होता, चालकाची ती कितवी पाळी होती, त्याला ते वाहन कोणी आणि किती दिवस शिकवलं होतं. बस भाड्याने घेतली तरी ड्रायव्हर भाड्याचा मानू नका. त्याला शिकवा, झोपू द्या, आणि त्याच्या चुकीतून पुढच्या हजार ड्रायव्हरांना शहाणं करा. आणि ज्या चौकात माणूस मेला, तो चौक दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा सोडू नका.

बिनचालकाची गाडी आज ना उद्या आपल्याही रस्त्यावर येईल किंवा येणार नाही, ते सरकार आणि काळ ठरवतील. तोवर माणसाच्या हातातल्या स्टिअरिंगवर आपण जेवढी मेहनत घेऊ, तेवढे जीव वाचतील. अप्पा आता मरोळ डेपोत नव्याने लागलेल्या पोरांना भेटायला जातात. पट्टीच्या मागे कसं थांबायचं ते सांगतात, आणि का थांबायचं तेही.